पायातले गोळे आणि गोळ्यांची पिशवी

नवरात्रात पातूरला रेणुकामातेच्या टेकडीवर जाण्याचा योग आला, तर पायऱ्यांवर कडेला जरा टेकून चढणाऱ्यांकडे बघत बसा. ओटीचं ताट सावरत निघालेल्या सुना, पुढे धावणारी पोरं, आणि मधेमधे थांबणाऱ्या प्रौढ बायका. थांबतात सगळ्याच, पण प्रत्येकीच्या थांबण्याची तऱ्हा वेगळी. एकीला धाप लागते, ती छातीवर हात ठेवून उभी राहते. दुसरी गुडघा धरते. तिला चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो आणि घरी गेल्यावरही गुडघा ठणकत राहतो. तिसरी मात्र पोटरी दाबते. दोन-तीन मिनिटं नुसती उभी राहिली की हिचं दुखणं पार जातं. ती पुन्हा निघते, आणि साधारण तेवढंच अंतर चढून गेल्यावर पुन्हा तसाच गोळा येतो.

मैत्रिणींनो, ही जी तिसरी आहे ना, तिच्याविषयी आज बोलायचं आहे.

आमच्या गल्लीतल्या आत्याबाई या तिसऱ्या प्रकारातल्या. "काहून थांबल्या व आत्याबाई?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "काय सांगू माय, पोटरीत गोळे येतेत. उभी राह्यली का थांबते, चालाले लागली का पुन्हा सुरू. वय झालं बाप्पा आता!" वय झालं म्हणून आपण किती दुखणी पदराखाली झाकतो! आत्याबाईंना साखरेचा आजार दहा-बारा वर्षांचा, आणि तंबाखू-चुन्याची चिमूट त्याहून जुनी. पोटरीला रक्त कमी पडतंय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

पाटाचं पाणी बघा. वरच्या वाफ्यांना भरपूर मिळतं आणि पाटात गाळ साचत गेला की शेवटचा वाफा कोरडा राहतो. आपले पाय म्हणजे तो शेवटचा वाफा. पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या, म्हणजे रोहिण्यांच्या आतून चरबीचे थर बसतात आणि वाट अरुंद होते. बसल्या जागी स्नायूंना जेवढं रक्त लागतं तेवढं पुरतं. चालायला लागलं की मागणी वाढते, पुरवठा मात्र तेवढाच. मग स्नायू आक्रोश करतो, तोच हा गोळा. दुखणं वाढलं की रात्री अंथरुणातही पाय ठणकतो. अशा बायका पाय खाटेखाली लोंबता सोडून बसतात, तेव्हा कुठे बरं वाटतं. त्याहून पुढची पायरी म्हणजे अंगठ्याची किंवा बोटाची जखम महिनोन्महिने न भरणं. तिथवर जाऊ द्यायचं नाही, म्हणून तर हा सगळा प्रपंच.

हे ओळखायची एक अगदी सोपी, न दुखणारी तपासणी आहे. दंडाचं रक्तदाब मोजतात तसंच घोट्याचंही मोजायचं आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागायचं. उत्तर एकाच्या आसपास यायला हवं. ०.९ च्या खाली आलं तर पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या आहेत असं समजतात. साखर असलेल्या काही जणांच्या नळ्या कडक होतात आणि आकडा फसवा येतो, तेव्हा डॉक्टर सोनोग्राफीसारखी दुसरी तपासणी सांगतात. पण गोळे येणाऱ्या प्रत्येक पन्नाशीपुढच्या बाईनं "माझा घोट्याचा दाब बघाल का?" एवढं तरी विचारावं. विचारायला कसला संकोच?

पुरुषमाणसांचं आणखी एक सांगते. घरात चाळिशीच्या आतला बिडी ओढणारा पुरुष असेल, त्याच्या पायाची बोटं काळी-निळी पडत असतील, गार लागत असतील, तर ते वयाचं दुखणं नव्हेच. १९०८ साली न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर या डॉक्टरनं या आजाराचं सविस्तर वर्णन केलं आणि त्याचंच नाव त्याला पडलं. आपल्याकडे बिडी ओढणाऱ्या तरुणांत तो बराच दिसतो. त्यावर तंबाखू पूर्णपणे सोडणं हाच खरा उपाय. बिडी ओढत राहिलं तर औषधांचा फारसा उपयोग होत नाही. "एखादीच ओढतो" हेही चालत नाही. बाईनं तोंडात धरलेली चिमूट, नस, मिश्री, खर्रा यांनाही यात माफी नाही, हे आत्याबाईंना ऐकवताना मला धीर गोळा करावा लागला.

पिशवीत काय काय आलं?

शेवटी मुलगा आत्याबाईंना अकोल्याला घेऊन गेला. पातूरहून अकोला तीस-बत्तीस किलोमीटर. सकाळी गेले ते दिवेलागणीला परतले, आणि बरोबर ही भली मोठी गोळ्यांची पिशवी. साखरेच्या गोळ्या जुन्याच होत्या. नव्या होत्या त्या तीन: रक्तातल्या चरबीची एक, अॅस्पिरिन ७५ मिलिग्रॅम, आणि सिलोस्टॅझॉल नावाची, सकाळ-संध्याकाळ घ्यायची.

संध्याकाळी पिशवी माझ्या ओसरीवर उपडी झाली. "वाच बरं माय, कोणती कव्हा खायची थे." आपल्या गावांतून हे दृश्य काही नवं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण दवाखान्याच्या गर्दीत आणि परतीची गाडी चुकेल या धास्तीत निम्मं विसरलेलं असतं. म्हणून माझी पहिली विनंती: डॉक्टरांसमोरच चिठ्ठीवर प्रत्येक औषधापुढे "उपाशीपोटी" की "जेवल्यावर" हे मराठीत लिहून घ्या. ते घाईत असले तर औषधाच्या दुकानात लिहून घ्या. लिहून घेतल्याशिवाय पायरी उतरू नका.

कारण यातली गंमत अशी की आत्याबाईंची एक गोळी जेवणाआधीची आणि दुसरी जेवणानंतरची. अॅस्पिरिन पोटाला झोंबते, ती खाऊन झाल्यावर घ्यायची. वर गुळगुळीत आवरण असलेली असेल तर चावायची किंवा कुटायची नाही. ते आवरण गोळी जठरात विरघळू नये म्हणून असतं. सिलोस्टॅझॉल मात्र जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवल्यावर दोन तासांनी. तुपातेलाच्या जेवणाबरोबर घेतली तर ती एकदम जास्त प्रमाणात रक्तात उतरते आणि मग डोकं दुखणं, छाती धडधडणं असा त्रास वाढतो.

आता हे आपल्या घरच्या वेळापत्रकात बसवायचं कसं? आमच्याकडे सकाळी उठल्यावर चहा, मग झाडलोट, सडा-पाणी, आंघोळ, देवपूजा आणि नंतर भाकरी. तर आत्याबाईंनी आंघोळीला जातानाच सिलोस्टॅझॉल घ्यावी, पूजा आटपेपर्यंत अर्धा तास होतो. भाकरी खाऊन हात धुतला की अॅस्पिरिन. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की पुन्हा सिलोस्टॅझॉल, आणि मग स्वयंपाकाला लागायचं. घड्याळापेक्षा ही कामंच जास्त भरवशाची, कारण ती कुणी चुकवत नाही. तुमच्या घराचा दिनक्रम वेगळा असेल. त्यातले असे खुंटे तुम्हीच शोधा आणि त्यांना गोळ्या अडकवा.

काही जणींना डॉक्टर पेंटॉक्सिफायलीन देतात. तिची तऱ्हा उलटी! ती जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर घ्यायची आणि अख्खी गिळायची, कारण ती आत हळूहळू सुटेल अशी बनवलेली असते. रसायनाच्या दृष्टीनं ती चहा-कॉफीतल्या कॅफिनच्याच कुळातली. चहा-कॉफीनं कुणाला फार धडधड होत असेल किंवा दम्यासाठी थिओफायलीन चालू असेल, तर ते आधी सांगायला हवं.

आणखी एक. या गोळ्या म्हणजे डोकेदुखीची पुडी नव्हे, की घेतली आणि तासाभरात उतरलं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. आत्याबाईंनी आठव्या दिवशी "काही उपेग नाही व" म्हणून बंद करायचं ठरवलं होतं. सुरुवातीच्या दिवसांत थोडं डोकं दुखलं, पोट बिघडलं, तर घाबरून सोडू नका. डॉक्टरांना विचारा, ते मात्रा कमी करून बघतात. तीन महिने नीट घेऊनही काहीच फरक नसेल तर ती गोळी चालू ठेवायची की नाही, हेही त्यांनीच ठरवायचं. उगाच वर्षानुवर्षं गिळत राहण्यात शहाणपण नाही.

"तिले दे दोन"

आता खरी काळजाचा ठोका चुकवणारी गोष्ट. महिना-दीड महिन्यानं आत्याबाईंना फरक पडला. कौतुक सगळीकडे झालं. त्यांची धाकटी जाऊ खेड्यावरून आली होती. तिच्याही पायांची तक्रार. पाय सुजायचे, चालताना दम लागायचा. आत्याबाई सुनेला म्हणाल्या, "तिले दे दोन गोळ्या माह्यातल्या. त्याच्यानं माह्या पायाले लय फरक पडला."

त्यात वाईट हेतू कसला! आपल्याकडे लोणच्याची फोड द्यावी तशी गोळी देतात. पण सून चार बुकं शिकलेली. ती गोळी हातात घेऊन आधी औषधाच्या दुकानात गेली. तिथल्या मुलानं जावेची जुनी चिठ्ठी बघायला मागवली. तिच्या हृदयाचं पंपिंग कमी होतं. पाय सुजत होते ते त्यामुळे. आणि सिलोस्टॅझॉल तर हृदय अशक्त झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रोग्याला देऊच नये असं औषध आहे! औषधाबरोबरच्या कागदावर हीच सूचना सर्वांत ठळक असते. तो कागद आपण पाकिटासकट फेकून देतो.

दोघींचेही "पाय दुखत" होते. एकीच्या पायाला रक्त पोचत नव्हतं, दुसरीच्या पायातलं पाणी वर खेचलं जात नव्हतं. तिसरी एखादी असती तर तिच्या पायाच्या शिरा फुगलेल्या असत्या, चौथीच्या कमरेतली नस दबलेली असती. बाहेरून सगळ्यांची तक्रार एकच, आणि औषधं चार तऱ्हेची. गोळ्यांच्या पाकिटावर लाल उभी रेघ आणि चिठ्ठीची खूण छापलेली असते, ती याचसाठी. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकायची नाही, असा नियम आहे. दुकानदारानं विकायची नाही, तर शेजारणीनं तरी का वाटावी?

म्हणून डॉक्टरांपुढे बसल्यावर काही गोष्टी त्यांनी विचारायची वाट न बघता सांगाव्यात: हृदयाचा त्रास आहे का, जठरात जखम किंवा कधी काळं शौच झालं होतं का, डोळ्याच्या पडद्यात किंवा मेंदूत रक्तस्राव झाला होता का, आणि घरात आणखी कोणकोणती औषधं चालू आहेत. यातलं शेवटचं उत्तर तोंडी देऊ नका. सगळी पाकिटं पिशवीत घालून न्या, काढे-चूर्ण-गुग्गुळासकट. "थे तं आयुर्वेदिक हाय, त्याचं काय सांगायचं?" असं म्हणू नका. लसणाच्या आणि हळदीच्या गोळ्याही त्यात आल्या. फोडणीतल्या हळद-लसणाला मात्र कुणी नाव ठेवत नाही, ती खुशाल घाला.

काही जोड्या लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. अॅसिडिटीसाठी आपण सर्रास घेतो ती ओमेप्राझोल सिलोस्टॅझॉलचा जोर वाढवते. दोन्ही लागत असतील तर मात्रा निम्मी करावी लागते. तीच ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेल नावाच्या गोळीचा जोर उलट कमी करते. क्लोपिडोग्रेल म्हणजे हृदयात किंवा पायात स्टेंट बसवलेल्यांना देतात ती. म्हणजे एकच साधी गोळी, एकीकडे वाढवते आणि दुसरीकडे घटवते! अंगदुखीच्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन वगैरे गोळ्या अॅस्पिरिनबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका बराच वाढतो. कापूस वेचून कंबर मोडली की दुकानातून "दर्दची गोळी" आणायची आपल्या भागातली सवय, तिथे जरा हात आखडता घ्या आणि आधी विचारा. फळांपैकी चकोतरा-पपनस सिलोस्टॅझॉल घेणाऱ्यांनी टाळावं. आपल्या संत्र्या-मोसंब्यांची ही भानगड नाही. विदर्भात राहून संत्रं सोडा म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं?

उंदराच्या औषधाची गोष्ट

याच गल्लीच्या टोकाला एक सून आहे, वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, त्यात हृदयाची झडप बिघडली. मोठ्या शहरात शस्त्रक्रिया होऊन कृत्रिम झडप बसली. (आपल्या देशात तयार झालेली अशी झडप १९९० च्या डिसेंबरात त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत पहिल्यांदा माणसाला बसवली गेली, डॉ. वलियाथन यांच्या चमूचं ते काम. परदेशी झडपेपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडली.) अशा झडपेवर रक्ताची गुठळी जमू नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते, वॉरफरिन किंवा अॅसेनोकुमॅरॉल. पायाच्या खोल शिरेत गुठळी झालेल्यांना आणि हृदयाचे ठोके अनियमित झालेल्यांनाही ती देतात.

तिच्या कानावर कुणीतरी घातलं, की तू जे औषध खातेस ते उंदीर मारायचं औषध आहे. झालं! तिनं चार दिवस गोळी घेतलीच नाही, आणि घरात कुणाला पत्ता नाही. पाचव्या दिवशी रडत माझ्याकडे आली. तिला डॉक्टरांकडे धाडलं, तपासणी झाली, देवीच्या कृपेनं गुठळी झालेली नव्हती. पण तिला जी गोष्ट मी सांगितली ती तुम्हीही ऐका, कारण तिच्या कानावर आलेलं अगदीच खोटं नव्हतं.

१९२० च्या दशकात अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात गुरं अचानक मरू लागली. शिंग कापलं की रक्त थांबेना. गुराढोरांच्या डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा दिसलं, की स्वीट क्लोव्हर नावाचं गवत ओलं राहून बुरशीनं खराब झालेलं, तेच या गुरांनी खाल्लं होतं. पावसात भिजलेला कडबा गुरांना घालू नये, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पण त्या बुरशीनं गवतात नेमकं काय घडतं, हे तिथे शोधून काढलं. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी बर्फाच्या वादळातून मेलेली कालवड, न गोठलेल्या रक्ताचा दुधाचा डबा आणि ते खराब गवत घेऊन मॅडिसनच्या विद्यापीठात पोचला. तिथे कार्ल लिंक नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं आपल्या सहकाऱ्यांबरोबर पुढची सहा वर्षं खपून त्या गवतातला पदार्थ वेगळा केला. त्याचंच एक भावंड १९४८ साली उंदरांवरचं विष म्हणून बाजारात आलं. संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचं नाव पडलं वॉरफरिन. १९५१ मध्ये एका सैनिकानं जीव द्यायला ते भरपूर खाल्लं, आणि जीवनसत्त्व के दिल्यावर तो वाचला! तेव्हा डॉक्टरांच्या ध्यानात आलं, की याला उतारा आहे, म्हणजे मापात देता येईल. १९५४ पासून ते माणसांचं औषध झालं, आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेले अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही तेच देण्यात आलं.

तर उंदराला मारतं तेच माणसाला तारतं. फरक सगळा मापाचा.

"रक्त पातळ करतं" असं आपण म्हणतो, ते तितकंसं बरोबर नाही. ताकात पाणी घालावं तसं काही रक्त पातळ होत नाही. उलट दह्याचा विचार करा. दूध तेच, पण विरजण कमी पडलं की दही लागायला वेळ लागतो. आपलं यकृत जीवनसत्त्व के वापरून रक्ताचं विरजण तयार करत असतं. वॉरफरिनच्या जातीची गोळी ते विरजण कमी करते. आधीचं शिल्लक विरजण संपायला दोन-चार दिवस लागतात, म्हणून या गोळीचा पूर्ण परिणाम दिसायलाही काही दिवस जातात.

आणि हे जीवनसत्त्व के भरलेलं असतं कुठे? पालक, मेथी, कोबी, कोथिंबीर, चवळाई, एकूण हिरव्या पालेभाज्यांत. त्यामुळे कुणी कुणी सांगतं, "हिरवं काही खाऊ नका." तसं नव्हे हो! पालेभाजी सोडायची नाही, तिचं प्रमाण आठवड्यागणिक सारखं ठेवायचं. अडचण येते ती हिवाळ्यात. मेथीच्या जुड्या स्वस्त झाल्या की आपण रोज मेथी करतो, आणि उन्हाळ्यात महिना महिना पानही दिसत नाही. एका सुरात जेवण असेल तर डॉक्टर त्या सुराला गोळीची मात्रा जुळवतात. सूर बदलला की मात्रा फसते. नवरात्रात नऊ दिवस उपास करून साबुदाणा-शेंगदाण्यावर राहणं म्हणजे असाच सूर बदलणं. करायचाच असेल तर आधी विचारा, आणि साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर विचारल्यावाचून करूच नका.

मात्रा बरोबर आहे की नाही हे रक्ताच्या एका तपासणीवरून कळतं. तिला आय. एन. आर. म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचा दोन ते तीनमध्ये ठेवतात, काही कृत्रिम झडपांना थोडा जास्त लागतो. तुमचा कितीच्या आत हवा, ते डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. खाली तारीख, आकडा, मात्रा असे तीन रकाने पाडा. किराण्याच्या उधारीची वही आपण जपतो, तशीच ही जपायची. मात्रा लिहिताना "पांढरी अर्धी" असं लिहू नका. कंपनी बदलली की रंग बदलतो. मिलिग्रॅम लिहा. एक दिवस दोन आणि दुसऱ्या दिवशी तीन मिलिग्रॅम असं सांगितलं असेल तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या त्या चौकोनात आकडा घाला आणि घेतली की खूण करा.

ही गोळी रोज संध्याकाळी एकाच वेळी घ्यावी. विसरली आणि रात्री झोपण्यापूर्वी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती गेली असं समजा. दोन दिवसांची एकदम कधीही घेऊ नका. जंतुनाशक गोळ्या, विशेषतः जुलाबावरची मेट्रोनिडॅझोल, आणि बुरशीच्या खाजेवरची फ्लुकोनॅझोल यांनी आय. एन. आर. झपाट्यानं वर जातो. ताप-जुलाबासाठी कुणाकडेही गेलात तरी "मी रक्ताची गोळी घेते" हे वाक्य तोंडावर असू द्या. आणि "ताई, एक सुई मारून द्या, लवकर बरं वाटन" हा आग्रह सोडा. कमरेत मारलेल्या सुईनं स्नायूत रक्त साकळतं.

बायकांना एक गोष्ट निराळी सांगायला हवी, जी दवाखान्यात नवऱ्यासमोर विचारायला लाज वाटते. या गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाला अपाय होऊ शकतो. पण म्हणून स्वतःच गोळी सोडली तर झडपेवर गुठळी होऊन आईच्या जिवावर बेततं. तेव्हा मूल हवं असेल तर आधी हृदयाच्या आणि बायकांच्या अशा दोन्ही डॉक्टरांना भेटून बेत ठरवायचा. पाळी चुकली तर त्याच आठवड्यात जायचं. पाळीत अंगावरून फार जात असेल तर तेही सांगायचं. त्या सुनेनं हे सासूला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं. मी तिच्या सासूपाशी गेले, आणि सासूबाई खरोखर समजूतदार निघाल्या. दोघी बरोबरच अकोल्याला गेल्या.

वेळ दवडू नये अशा खुणा

डांबरासारखं काळं शौच, लघवीत रक्त, हिरड्यांतून किंवा नाकातून न थांबणारं रक्त, अंगावर आपोआप उठणारे निळे डाग, डोक्याला मार लागणं, किंवा कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी. यातलं काहीही झालं तर रक्ताची गोळी घेणाऱ्यानं त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एक पाय एकाएकी गार, पांढराफटक, बधिर झाला आणि असह्य दुखू लागला तर तासांचा हिशेब असतो. तेल चोळत किंवा शेकत बसू नका. रक्त कमी पोचणाऱ्या पायाला शेकणं तसंही वाईट, कारण साखरेमुळे चटका कळत नाही आणि फोड उठतो. एकच पाय सुजून गरम झाला आणि छातीत दुखून दम लागला, किंवा तोंड वाकडं होऊन बोलणं अडखळलं, तरी तेच. १०८ नंबर फिरवावा, रुग्णवाहिका येते, पैसे पडत नाहीत.

दात काढायचा असेल, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया असेल, तर आठवडाभर आधी त्या डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. काही वेळा गोळी थांबवावी लागते, पुष्कळदा थांबवावी लागत नाही. स्टेंट बसवलेल्या माणसानं तर आपल्या मनानं एक दिवसही थांबू नये.

आता आत्याबाईंचं काय झालं ते सांगते. डॉक्टरांनी त्यांना गोळ्यांबरोबर चालायलाही सांगितलं होतं, आणि तेही मोठं औषधच आहे. गोळा येईपर्यंत चालायचं, बऱ्यापैकी दुखू लागलं की उभं राहायचं, थांबलं की पुन्हा निघायचं, असं अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीनदा, बारा आठवडे. सवयीनं स्नायू आहे त्या रक्तात जास्त काम करायला शिकतात. साखरेमुळे अनवाणी चालायचं नाही, हीही ताकीद होती. टेकडीच्या पायथ्याशी चपला काढायच्या म्हणून त्यांनी मुलाकडून जाड मोजे मागवले. रोज रात्री सून त्यांचे तळवे उजेडात बघते. तंबाखूची डबी पूर्ण सुटलेली नाही. डबीत आता लवंग-बडीशेप असते आणि कोपऱ्यात एक चिमूट दडवलेली असते, हे सुनेला माहीत आहे आणि सुनेला माहीत आहे हे आत्याबाईंनाही माहीत आहे. त्यावरून रोज खटका उडतो.

चालताना त्या विजेचे खांब मोजतात. दसऱ्यानंतर सुरुवात केली तेव्हा चौथ्या खांबाला पोटरी धरावी लागत होती. संक्रांतीचं वाण द्यायला मी गेले तर ओसरीवरून ओरडून म्हणाल्या, "आज अकरा झाले व!"